आधी मिनिटं लिही

पोरी,

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी वाचला. गाईड म्हणतात, बायकांच्या घरकामावरच्या तुझ्या प्रबंधातलं वेळ-वापराचं, म्हणजे दिवसाची मिनिटं कुठे जातात ते मोजणारं, प्रकरण काढून टाक, मायेला मिनिटांत तोलणं ही बाजाराचीच भाषा. आणि तेवढ्यानं तू डळमळलीस?

मिनिटं मोज. बिनपगारी कामाची दखल घ्या, ते कमी करा, वाटून घ्या हे इंग्रजीतले तीन 'आर' पुरेत की मोबदला आणि प्रतिनिधित्व धरून पाच, हा वाद घालायला जिनिव्हात कामगार संघटनेची माणसं आहेत.

मी पंधरा वर्षं घरोघर सरकारी सर्वेक्षणाचे फॉर्म भरले. "काय करता?" "काही नाही, घरीच असते." लिही कोड ९२. म्हणजे फक्त घरकाम, श्रमशक्तीच्या (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या गणतीच्या) बाहेर. सरपण-चारा आणत असेल तर ९३, तीही बाहेरच. घाई असली की मी विचारायचेसुद्धा नाही, ९२ टाकून पुढचं दार. देशाचं उत्पन्न मोजणाऱ्या राष्ट्रीय लेख्यांचं जगभरचं मापच तसं आहे: हंडा विहिरीवरून घरी येईपर्यंत उत्पादन, तेच पाणी चुलीवर चढलं की नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत लक्ष्य ५.४ आलं, घरच्या बिनपगारी कामाची दखल घ्या म्हणून. सोबत 'देशाच्या परिस्थितीला योग्य असेल तसं' ही पळवाटही आली. ती मायेनं बुजत नाही. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. (घरकाम करणाऱ्या पुरुषांची, बरं का. न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत.) २०२४ मध्ये २८९ आणि ८८. बायकांचा भार दहा मिनिटांनी उतरला, तो पुरुषांनी उचलला नाही, त्यांचीही नऊ घटली. हे मिनिटांवाचून सांगून दाखव मला.

मापात खोट आहे, कबूल. सर्वेक्षणात दिवसभराची कामं ज्यात लिहितात ती डायरी पहाटे चार ते पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनी रात्री दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलायची. पाच मिनिटांचं काम. डायरीत तिथे 'झोप'च पडणार. मग प्रश्न बदल ना, डायरी कशाला फेकतेस!

त्या तीन वर्षांत मी यवतमाळकडच्या गावांत दुसऱ्या बायांचे फॉर्म भरत होते. पैसे दर महिन्याला पाठवले, एकदाही चुकवले नाहीत, तेवढं लक्षात ठेव. नोकरी सोडून कोणाचं भलं झालं असतं? पण वहिनीचं एक मिनिटही मी कधी कुठे लिहिलं नाही.

तिची डायरी तू भर. नंबर पाठवते. फोन दुपारी अडीचनंतर कर, त्याआधी तिला सवड नसते.