गोळ्या बदलूनही गुण येत नाही तेव्हा

"तीन डॉक्टर झाले, कितीतरी गोळ्या बदलल्या, पण हिला गुण येत नाही, आता तुम्हीच एखादे लागू पडेल असे औषध सुचवा," अशी विनंती घेऊन येणारी कुटुंबे मला वारंवार भेटतात. औषध सुचवणे हे समुपदेशकाचे काम नाही आणि तो अधिकारही त्याला नाही, हे आधी स्पष्ट करावे लागते. मात्र मनःस्थितीचे टोकाचे चढउतार असलेल्या, म्हणजे बायपोलर विकाराच्या रुग्णांच्या बाबतीत गुण का येत नाही हे तपासायला घेतले की, डॉक्टरांपर्यंत आजाराची अर्धीच हकिगत पोहोचलेली आहे असे पुष्कळदा आढळते. वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबाचा अनुभव मी येथे त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशीच्या आसपासची ती विवाहित स्त्री दांडिया बाजारच्या बाजूला राहणारी, घरीच शिवणकाम करणारी आणि नवरात्रासाठी चणियाचोळीच्या ऑर्डरी घेणारी होती. ती पती आणि सासूबाईंबरोबर आली तेव्हा जेमतेम दोन वाक्ये बोलली, तीही आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो एवढीच. पतीने सोबत आणलेल्या फायलीत वेगवेगळ्या डॉक्टरांची पत्रे होती आणि सगळ्यांवर निदान एकच होते: नैराश्य. प्रत्येक वेळी नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांत ती टवटवीत झाली, बरी झाली असे समजून औषध बंद केले गेले आणि काही महिन्यांनी पुन्हा अंथरूण धरले गेले. पतीचे म्हणणे असे की औषध थोडे दिवस लागू पडते आणि मग निकामी होते.

मी त्यांना आजारपणाच्या दिवसांऐवजी चांगल्या दिवसांबद्दल विचारायला सुरुवात केली. सासूबाईंचा चेहरा खुलला. "मॅडम, बरी असली म्हणजे हिच्यासारखी कामसू सून पंचक्रोशीत नाही. रात्री दोन वाजता मशीनवर बसते, पहाटे पाचला पुन्हा उठते आणि थकवा म्हणून नाही," असे त्या कौतुकाने सांगत होत्या. पुढच्या भेटीला मी ऑर्डरींची वही आणि कापडवाल्याचा उधारीचा हिशेब घेऊन यायला सांगितले. दोन्ही समोर ठेवून आम्ही तीन वर्षांचे कॅलेंडर भरले. नवरात्राच्या सुमारास ऑर्डरी पेलवणार नाहीत इतक्या घेतलेल्या, कापड गरजेच्या कितीतरी पट उधारीवर उचललेले, त्याच आठवड्यांत शेजारणीशी आणि नणंदेशी कडाक्याची भांडणे झालेली, आणि दिवाळी उलटली की वही कोरी. हा नमुना एकदा दिसल्यावर पती बराच वेळ वहीची पाने मागेपुढे करत राहिले.

सलग किमान चार दिवस झोपेची गरज कमी होणे, बोलणे आणि विचार यांचा वेग वाढणे, आत्मविश्वास अवास्तव होणे, खर्चाचे भान सुटणे आणि हे सारे त्या व्यक्तीच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा स्पष्टपणे वेगळे असणे, याला सौम्य उन्माद म्हणतात. त्याची तक्रार घेऊन सहसा कोणी दवाखान्यात जात नाही, कारण रुग्णाला त्या काळात उत्तम वाटत असते आणि घरच्यांनाही, निदान सुरुवातीला, ते सोयीचे असते. (आपल्याकडे रात्रभर राबणाऱ्या सुनेला आजारी समजणारे घर मला तरी अजून भेटलेले नाही.) डॉक्टरांना मग फक्त नैराश्य दिसते. बायपोलर विकारात नैराश्याची गोळी एकटीच दिली तर काही रुग्णांची मनःस्थिती दुसऱ्या टोकाला जाऊ शकते किंवा चढउतारांचा वेग वाढू शकतो. म्हणून ते भरलेले कॅलेंडर घेऊन मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी स्वतंत्रपणे तपासून निदान बदलले आणि लिथियम सुरू करायचे ठरवले.

लिथियम म्हटल्यावर घरात धास्ती पसरली, कारण कोणीतरी त्यांना ते "वेड्यांचे औषध" असल्याचे सांगितले होते. वास्तविक हा निसर्गात सापडणारा क्षार आहे, तो झोपेची गोळी नाही आणि त्याची नशाही लागत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याच्या उपयोगाविषयी लिहिले आणि आजही चढउतार परत येऊ नयेत यासाठी ते पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी एक आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याचा गुणही चांगला सिद्ध झालेला आहे. परंतु उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्यामुळे सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी करावी लागते, आणि नंतर शेवटच्या गोळीला बारा तास झाल्यावर रक्तातील पातळी मोजावी लागते. दीर्घकाळ चालवताना ती साधारणपणे लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात. रुग्णानुसार डॉक्टर ती कमीजास्त करतात.

दहाव्या दिवशी पतीचा फोन आला, "काही फरक नाही, डॉक्टर बदलू का?" माझ्या मते पुष्कळशी उपचारयोजना याच वळणावर मोडते. पातळी ठरावीक टप्प्याला आणण्यातच काही आठवडे जातात आणि चढउतार खरोखर थांबले का हे कळायला काही महिने लागतात. मी त्यांच्याकडून एवढेच कबूल करून घेतले की पुढची रक्ततपासणी होईपर्यंत डॉक्टर बदलायचा नाही आणि तोपर्यंत झोपेचे तास व मनःस्थितीचा शून्य ते दहामधला आकडा रोज एका ओळीत लिहायचा. ती नोंद ती स्वतःच करू लागली. आकडे हळूहळू एकमेकांच्या जवळ येऊ लागले, हे तिला माझ्याआधी दिसले.

वडोदऱ्याच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात एकदा तिला जुलाब झाले, हात जास्त थरथरू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियमची पातळी वाढते, आणि डोकेदुखीसाठी तिने दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही ती वाढवते. ही लक्षणे आधीच सांगून ठेवलेली असल्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले गेले, त्यांच्या सांगण्यावरून पुढची मात्रा थांबवून रक्त तपासले गेले आणि प्रकरण तेथेच आवरले.

खरा प्रश्न नवरात्रात आला. घरी घट बसतात आणि सुनेने नऊ दिवसांचे उपास करायची रीत आहे. शिवाय शहरात मध्यरात्रीपर्यंत गरबा. मीठ वर्ज्य करून, पाणी बेताने पिऊन केलेला उपास लिथियम घेणाऱ्याला धोक्याचा असतो, आणि जागरण हे उन्मादाचे नेहमीचे निमित्त असते. डॉक्टरांनी उपासाला स्पष्ट नकार दिला. सासूबाईंना ते पटायला दोन बैठका लागल्या, पण नंतर त्यांनीच तोडगा काढला, "हिचे उपास मी धरते, हिने जेवून गोळी घ्यावी." गरब्याचा एकच दिवस ठरला, रात्री साडेदहाच्या आत घरी येण्याच्या अटीवर. शिवणाच्या ऑर्डरींची संख्या तिने आणि पतीने श्रावणातच कागदावर ठरवून ठेवली होती.

आता त्यांना मूल हवे आहे. यासाठी गोळी आपण होऊन बंद करू नये, असे मी निक्षून सांगते, कारण लिथियम अचानक सोडल्यास आजार उलटण्याची शक्यता मोठी असते आणि बाळंतपणानंतरचे आठवडे तर विशेष जोखमीचे असतात. गर्भावर होणाऱ्या परिणामांचा विचार प्रत्येक औषधाचा वेगळा असतो. व्हॅल्प्रोएट हे याच विकारात दिले जाणारे दुसरे औषध गर्भाला बरेच अपायकारक असल्यामुळे मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना शक्यतो देत नाहीत. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांची एकत्र भेट गर्भधारणेपूर्वीच ठरवली आहे. अशाच प्रश्नात असलेल्या आणि खाजगी खर्च न झेपणाऱ्या वाचकांना शहरातील सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग उपलब्ध आहे, आणि तातडीने बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक विनामूल्य आहे. जाताना आजारपणाच्या दिवसांबरोबर फार बरे वाटलेल्या दिवसांचीही नोंद घेऊन जावी, आणि ते दिवस जवळून पाहिलेली घरातील एक व्यक्ती बरोबर न्यावी.