थीसिस एडिट करताना हात कुठे आखडायचा

अगं, एका विद्यार्थ्याची थीसिस एडिट करायला घेतेयस, काय करायचं आणि काय नाही, आणि तो वेगळे पैसे देऊन एक चॅप्टरही लिहून मागतोय, हा तुझा मेसेज वाचला, पण उत्तर दोन ओळीत मावणारं नव्हतं म्हणून निवांत लिहितेय.

फाईल उघडायच्या आधी त्या मुलाकडून गाईडची लेखी परवानगी माग, साधा मेल चालेल, पण तुला काय काय करायची मुभा आहे ते त्यात स्पष्ट पाहिजे. "सरांना माहितीये हो" यावर अजिबात जाऊ नकोस. कॅनडातल्या एडिटर्सच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे.

व्याकरण, शुद्धलेखन, संदर्भांची मांडणी एकसारखी करणं, हे सगळं बिनधास्त कर. मुद्द्याला मात्र हात लावायचा नाही. समजा त्याने लिहिलंय "प्रशिक्षणामुळे शिक्षकांची कामगिरी सुधारली" आणि वरच्या तक्त्यात नुसते दोन आकडे सोबत वाढलेले दिसतायत, तर तुझे हात शिवशिवणार, ते "मुळे" काढून वाक्य सरळ करून टाकावंसं वाटणार. नाही करायचं! कॉमेंट टाक, "तक्त्यावरून एवढं म्हणता येतं का? गाईडशी बोला" आणि पुढे जा. व्हायव्हात, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेत, परीक्षकाने याच वाक्यावर पकडलं तर उत्तर त्या मुलाला द्यायचंय.

ट्रॅक चेंजेस (वर्डमधली प्रत्येक बदल दाखवणारी सोय) कायम चालू ठेव आणि बदल स्वतः अ‍ॅक्सेप्ट करून स्वच्छ कॉपी पाठवू नकोस, एकेक बदल त्यानेच बघून घेऊ दे, कंटाळा आला तरी. मधेच एखाद्या परिच्छेदाची भाषा एकदम गुळगुळीत झाली की समजायचं हे कुठूनतरी उचललंय, तिथे खूण करून विचार. "सिमिलॅरिटीचा टक्का (दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतं तो आकडा) खाली आणून द्या" म्हणाला तर ते एडिटिंग नाहीच, चोरी लपवायला केलेली मदत आहे.

आणि आभारात तुझं नाव आणि नेमकं काय काम केलंस ते लिहायला सांग. ऑस्ट्रेलियातल्या संपादकांच्या नियमांत तर एडिटरचा विषय विद्यार्थ्याच्या विषयाजवळचा असेल तर तेही सांगावं असं आहे, मला ते फार पटतं, कारण विषय येणाऱ्यालाच ढवळाढवळीचा मोह जास्त.

राहिला प्रश्न डिस्कशन चॅप्टर, म्हणजे निष्कर्षांचा अर्थ लावणारं प्रकरण, वेगळे पैसे घेऊन लिहून देण्याचा. आजच मेल कर की लिहून मिळणार नाही, तुम्ही लिहा, मी भाषा तपासते. गेलं काम तर जाऊ दे.