गरोदरपणातील रक्तदाब आणि ताटातले कॅल्शियम

तुमची ही पहिलीच खेप असल्याने एक गोष्ट आधी सांगते: विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, त्या प्रीएक्लॅम्प्सियाला केवळ आहाराने हमखास रोखता येत नाही. माझ्या वेळी सासूबाईंनी मीठ जवळजवळ बंद केले होते. त्याने हा विकार टळतो असे दिसलेले नाही, अन्न मात्र बेचव झाले. लोणची-पापड बेताने खावेत, एवढे पुरे.

कॅल्शियमचे तसे नाही. ज्यांच्या आहारात ते कमी असते, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज दीड ते दोन ग्रॅम पूरक कॅल्शियम सुचवते, कारण त्याने धोका कमी होतो. नाचणीची भाकरी, दूध, ताक, तीळ जरूर घ्यावेत; परंतु तेवढ्याने ही मात्रा भरत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नये आणि ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही.

घरात रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असल्यास तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगावे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.