पासवर्ड तिचा, अर्जही तिचाच

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. मुलगी 21 वर्षांची असून बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला तीन वर्षांचे एलएल.बी. करून सायबर कायद्यात काम करायचे आहे, तर तिने सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरावी, अशी तुमची इच्छा आहे. ‘तिचे मन कसे वळवावे?’ हा तुमचा प्रश्न. मला मात्र पत्रातल्या पुढच्या मजकुराने अस्वस्थ केले. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी वहीत टिपून ठेवलेला तिचा पासवर्ड वापरून तुम्ही तिचे ईमेल वाचलेत, त्यातून एलएल.बी.च्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, अर्जाचा पत्ता लागला आणि तिला हॉल तिकीट काढता येऊ नये म्हणून त्या अर्जाच्या खात्याचा पासवर्ड तुम्ही बदलून टाकलात. संकेतस्थळ बिघडले आहे असे समजून ती रोज हेल्पलाइनला फोन लावते आहे, हेही तुम्हीच कळवता आणि वर लिहिता, ‘मोबाइल माझ्या पैशांचा, इंटरनेट माझे, मग बापाला परवानगी कसली?’

परवानगी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 43 याच मुद्द्यावर उभे आहे. परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे आणि जिला तेथे जाण्याचा अधिकार आहे तिचा प्रवेश रोखणे, या दोन्ही गोष्टी त्या कलमात स्वतंत्रपणे नमूद आहेत आणि त्यांबद्दल नुकसानभरपाई मागता येते. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली, तर कलम 66 लागू होऊन तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुमचा हेतू तसा होता असे मी म्हणत नाही आणि घरातली गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जावी असेही मला वाटत नाही. पण बापाच्या मायेने केले म्हणून ते योग्य ठरत नाही. सज्ञान मुलीशी वाद घालण्याचा, तिला खर्चाचा हिशेब विचारण्याचा, प्रसंगी ‘मला हे पटत नाही’ असे ठणकावून सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिच्या नकळत तिची परीक्षा बुडवण्याचा नाही. उद्या तिला हे कळले, तर ती तुमचा योग्य सल्लासुद्धा ऐकणार नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

‘सायबर गुन्हे म्हणजे हॅकिंग. तिथे पट्टीचे इंजिनिअरच टिकतात, वकिलाचे काय काम?’ असे तुम्ही लिहिले आहे. हा गैरसमज अनेक घरांत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. संगणकावरच घाव घालणारे गुन्हे असतात हे खरे: डेटा चोरणे, व्हायरस सोडणे, सर्व्हर बंद पाडणे, सोर्स कोडमध्ये फेरफार करणे. पण संगणक हे निव्वळ साधन असलेले गुन्हे वेगळेच आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख लबाडीने वापरणे कलम 66क खाली येते, तोतयेगिरी करून फसवणे 66ड खाली, संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांची छायाचित्रे टिपणे किंवा पसरवणे 66ई खाली, आणि अश्लील मजकुराची व लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाची कलमे 67 पासून पुढे आहेत. ‘डिजिटल अरेस्ट’चाच प्रकार पाहा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुमच्या नावावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे’ असे दरडावतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, आणि घाबरलेले सेवानिवृत्त गृहस्थ मुदत ठेव मोडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतात. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. यात कोणतीही यंत्रणा फोडली गेलेली नाही, कोडची एक ओळही लिहावी लागलेली नाही. आहे ती तोतयेगिरी, फसवणूक आणि धाक. म्हणून 66ड च्या जोडीला भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम 318 येते, आणि कोणते कलम कोणत्या कृत्याला लागते हे न्यायालयात मांडायला वकीलच लागतो.

अशी प्रकरणे अनेकदा अडतात ती पुराव्यावर. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून ठरवायचे होते. त्या चित्रीकरणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवे की नको, यावर अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्याचा 2020 मधला निकाल आज देशभर आधाराला घेतला जातो. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, नोंदवावी लागते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ही व्हॅल्यू का बदलते, हे तुमची मुलगी आयटीच्या वर्गात शिकली आहे. ते न्यायाधीशांना पटेल अशा भाषेत कसे सांगायचे, हे तिला पुढे शिकायचे आहे. तेव्हा तिची आयटीची तीन वर्षे ‘पाण्यात गेली’, हे तुमचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

‘या वयात तिला कायद्यातले काय कळते?’ असेही तुम्ही विचारता. पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा 2012 मध्ये ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या कलम 66अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल साधारण तुमच्या मुलीच्याच वयाच्या होत्या. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले.

मार्ग सरळ आहे: खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान 45 टक्के, सीईटी, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. तिचे 61 टक्के त्यासाठी पुरेसे आहेत. दोन गोष्टी तिला माझ्या वतीने स्पष्ट सांगा. काही महिन्यांच्या ‘सायबर लॉ’ पदविकेने कोणी वकील होत नाही, त्यामुळे तिने आधी फौजदारी कायदा आणि पुराव्याचा कायदा पक्का करावा. आणि ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळकत बेताचीच असते. तुमची खरी चिंता पैशांची असेल, तर ती तिच्यासमोर आकड्यांसह मांडा. तुम्ही किती वर्षे आधार देऊ शकता हे ऐकल्यावर कदाचित तीच कंपन्यांमधल्या डेटा संरक्षणाच्या कामाकडे वळेल. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तिथेही दोन्ही विषय जाणणाऱ्या माणसांची गरज आहे.

मन वळवण्याची युक्ती मी सांगणार नाही. हे उत्तर वाचून झाल्यावर आजच तिला समोर बसवा, काय केले ते सांगा आणि नवा पासवर्ड तिच्या हाती द्या, म्हणजे तिला हॉल तिकीट वेळेत काढता येईल. तो पासवर्ड ती लगेच बदलेल, तेव्हा काय टाकला ते विचारू नका. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे, आणि खटले चालवायचे आहेत, कंपनीत काम करायचे आहे की न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, एवढे त्यात नक्की कळवावे.