आजीशी शेवटी भांडण झालं होतं, आता तेवढंच आठवतं. चांगलं कसं आठवू?

आठवू द्या तेच. मीही वर्षभर भांडणच आठवत होतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि आजीला अव्वा म्हणायचं. अव्वा विड्या वळायची. आमच्या गल्लीत हे सांगायचीही गरज नसते. रात्री पाला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची. सकाळी उंबऱ्याशी बसायची, मांडीवर सूप. पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवायची. मग चिमूटभर तंबाखू, बोटांत एक वळसा, दोऱ्याचे दोन फेरे, नखानं तोंड दुमडलं की झाली विडी. नजर तिकडे नसायचीच, ती आमच्यावर ओरडत असायची. दिवसाला हजार विडी, म्हणजे पंचवीसची चाळीस बंडलं. कारखान्यात त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढायचे. पैसेही नाहीत आणि विडीही परत नाही. त्या छाटीवरून ती जन्मभर शिव्या घालत राहिली.

2006 साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तिथं तिला घर मिळालं. दारावर तिचं नाव. दार रोज पुसायची, आत धूळ असली तरी चालायचं.

मला नोकरी लागली, तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, तंबाखूपासून लांब ठेवा. एका रविवारी ती बाहेर गेलेली बघून मी सूप, पत्रा, डबे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. कात्री तेवढी तिच्या पिशवीत होती म्हणून वाचली. "हात तोडलास की रे माझे," एवढंच म्हणाली आणि आठ दिवस बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण ते वाक्य घरात तसंच राहिलं. ती गेल्यावर मला दुसरं काही आठवेचना.

वर्षश्राद्धाला शेजारच्या मावशी आल्या होत्या. त्यांच्याजवळ मन मोकळं केलं, तर त्या हसायलाच लागल्या. सूप गेल्यावर अव्वा रोज दुपारी "भजनाला जाते" म्हणून निघायची, ती थेट यांच्या घरी. यांचं जुनं सूप घेऊन दोन तास वळायची आणि त्या विड्या मावशींच्या नावावर कारखान्यात जायच्या. चार वर्षं! आणि मी ऑफिसात सांगत फिरायचो, आमची अव्वा आता अगदी देवाधर्माला लागली म्हणून.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरली की माझ्या मुलीच्या हातात दोनशे रुपये ठेवायची. कुठून आले विचारलं तर म्हणायची, "भजनातल्या बायकांची भिशी फुटली."

तेव्हा तुम्ही एक करा, आजीच्या बरोबरीच्या बायका गाठा. शेजारणी, कामावरच्या, देवळातल्या. घरच्यांना आपल्यापुरतीच आजी माहीत असते. आणि लवकर जा, त्यांचीही वयं झालेली असणार. फोटो-बिटो सावकाश बघता येतील.

खोकला त्या चार वर्षांतच वाढला असेल का, हे मनात येतं, आणि तिचा रागही येतो. म्हणजे भांडण अजून चालूच आहे म्हणायचं. कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला असते. मी दुधाची पिशवी कापायला घेतली की मुलगी हातातून काढून घेते.