घोडा दोनदा अडला, मुलगी तबेल्यात यायला तयार नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की स्पर्धेत तिसऱ्या जंपला घोडा दोनदा अडला, घंटा वाजली आणि आज दहा दिवस झाले, मुलगी तबेल्याकडे फिरकली नाही. तिचं मन मोडलंय, हे मला कळतं. एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात पहिल्यांदा अडला तर 4 फॉल्ट (दंडाचे गुण), दुसऱ्यांदा अडला की थेट बाद. महिनोन् महिने घाम गाळायचा आणि मिनिटभरात बाहेर!

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा इथेच, इंदूरला, माझंही असंच झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच घोड्याला तेवढ्याच उंचीवरून आठ वेळा उडवलं, हातात चाबूक घेऊन. उडाला तो. पण नंतर जंप दिसली की मान वर टाकून सुसाट सुटायचा. चौथ्या दिवशी घोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सईसानं माझा हात धरून खोगिराखालच्या जागेवर ठेवला. तळव्याएवढी जागा गरम होती. जरा दाबली तर घोड्यानं पाठ खाली घेतली. खोगीर रुतत होतं. त्याला दुखत होतं म्हणून तो अडला होता आणि मी त्याला मारत होतो. ती गरम पाठ आजही माझ्या हाताला आठवते.

म्हणून आधी घोडा तपासा. पाठ, तोंड, दात, खुरांचे नाल, खोगिराचं माप. पाय जरा जरी लंगडत असेल तर डॉक्टर.

त्यात काही निघालं नाही तर उंची कमी करा, अगदी जमिनीवर आणा. ट्रॉटसाठी, म्हणजे दुडक्या चालीसाठी, साधारण 1.3 मीटर अंतरावर चार दांडे आडवे टाका. ते शांतपणे ओलांडायला लागला की मग 40–50 सेंटिमीटरचा क्रॉस, म्हणजे फुलीसारख्या लावलेल्या दोन दांड्यांची जंप. हे कमीपणाचं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे उडीच्या ऐन क्षणी समोरचा अडथळा त्याला दिसेनासा होतो. तो स्वारावर भरवसा ठेवून उडतो. एकदा अडल्यावर स्वार नेमका त्याच क्षणी लगाम ओढतो, आणि घोडा पुन्हा अडतो. हात सैल राहायची सवय खालच्या दांड्यांवरच लागते. पावसात आपली काळी माती चिकट झाली असेल, तर जंप लावूच नका.

आणि घोडा दहा दिवस उभा ठेवू नका हो. ‘घोडा का अडला, भाकरी का करपली?’ हे कोडं आपण लहानपणी घालायचो ना? उत्तर तेच, फिरवला नाही म्हणून. मुलगी येत नसेल तर कोचला रोज फिरवायला सांगा.

आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलाबद्दल तिला जरूर सांगा. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारतानं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकारातलं, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं ते पहिलं सुवर्ण. चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचेच गुण धरतात. सुदीप्तीचे 66.706 त्यात धरले गेले नाहीत, तरी ती त्या संघाची होती आणि सुवर्ण तिच्याही गळ्यात आलं. तिथवर पोचायला तिनं किती वर्षं दिली असतील!

तूर्त मुलीला एवढंच म्हणा, रविवारी सकाळी ये, खरारा कर, खूर साफ कर, हातात दोरी धरून त्याला अर्धा तास चालव. वर बसायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.