मुलाच्या शस्त्रक्रियेचे ऋण मुलीच्या करिअरमधून फेडू नका

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘नीट’ दोनदा दिली, पण एमबीबीएसला नंबर लागला नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावावर मुंबईत हृदयशस्त्रक्रिया झाली. त्याला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो होता. एक संस्था अमेरिकेतील जन्मजात हृदयशस्त्रक्रियांच्या बिलिंग-कोडिंगचा, म्हणजे झालेले उपचार विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोडमध्ये नोंदवण्याच्या कामाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घेते. शुल्क दीड लाख रुपये असून नोकरीची हमी आहे. डॉक्टर होता आले नाही तरी हे अर्ध्या डॉक्टरचेच काम आहे, शिवाय ज्या शस्त्रक्रियेने आमचा मुलगा वाचला तिची सेवा मुलीच्या हातून घडेल. मुलगी ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणते, म्हणजे तिची हरकत नाही. प्रवेश घ्यावा ना?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : दीड लाखाच्या शुल्काची काळजी नंतर करू. मला आधी काळजी वाटली ती तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्याची. वीस वर्षांची मुलगी स्वतःच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर ‘तुम्ही म्हणाल तसे’ एवढेच बोलते, तेव्हा तिची हरकत नसते असे नाही. ती बोलून दाखवण्याची सोय तिला घरात दिसत नसते. दोनदा ‘नीट’मध्ये मागे पडलेली मुले आता आपल्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकारच उरला नाही अशा तऱ्हेने वागू लागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यात तुम्ही भावाच्या आजाराचे वजन टाकले आहे. हा अभ्यासक्रम नाकारला तर भावाच्या जिवाची आपल्याला पर्वा नाही असा अर्थ निघेल, अशा बेताने तो तिच्यापुढे ठेवला गेला आहे. तुमच्या मनात तसे नसेल, पण तिच्यावर होणारा परिणाम तोच आहे. मुलगा वाचला याबद्दल तुम्हाला वाटणारी कृतज्ञता खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. ते ऋण मात्र तुमचे आहे, मुलीचे नव्हे.

आता ‘अर्ध्या डॉक्टरचे काम’ या समजुतीविषयी. तुमच्या मुलाचाच आजार घेऊ. टेट्रालॉजीत चार दोष एकत्र असतात : खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट, छिद्रावर सरकलेली महाधमनी आणि जाड झालेला उजवा कप्पा. अमेरिकेत या निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या कोड-यादीत क्यू २१.३ हा एकच कोड आहे. शल्यचिकित्सकाच्या कामासाठी सीपीटी या उपचारांच्या कोड-संहितेत साध्या संपूर्ण दुरुस्तीला ३३६९२ हा कोड लागतो, आणि फुप्फुसाच्या झडपेच्या कड्यावरून आरपार चीर देऊन तेथे पॅच लावला असेल तर ३३६९४. कोडरने शस्त्रक्रियेची कित्येक पानांची नोंद वाचून ती चीर कड्याच्या अलीकडे थांबली की पलीकडे गेली हे सांगणारे वाक्य शोधायचे असते. ते वाक्य सापडले नाही, तर इको अहवालावरून अंदाज बांधण्याची त्याला मुभा नाही. त्याने डॉक्टरांना लेखी विचारायचे. छिद्र बुजवण्यासाठी ३३६८१ हा स्वतंत्र कोड आहे, तो दिसला म्हणून नवखा माणूस येथे तोही जोडतो. पण टेट्रालॉजीच्या दुरुस्तीत छिद्र बुजवणे आलेच, त्यामुळे असे दुहेरी बिल नाकारले जाते. बाळाचे वजन चार किलोंपेक्षा कमी असेल तर ६३ हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खूण, लावतात, पण नवजात बाळांच्या नॉरवूड या हृदयशस्त्रक्रियेच्या ३३६१९ सारख्या काही कोडना तो लावायचा नाही, कारण ती अडचण त्या कोडमध्येच धरलेली आहे. हे काम बुद्धीचे आहे, चिकाटीचे आहे आणि प्रामाणिकपणाचेही आहे. ते हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र ते झालेल्या उपचारांचे पैसे नियमाप्रमाणे मिळावेत यासाठीचे काम आहे, आणि त्यात मूल कधी भेटत नाही. डॉक्टर न होण्याची हळहळ भरून काढण्यासाठी कोणी येथे आले, तर ती हळहळ रोज आठ तास पडद्यावर वाचावी लागते.

नोकरीच्या हमीबद्दल स्पष्ट सांगतो : जन्मजात हृदयशस्त्रक्रिया हे या क्षेत्राचे प्रवेशद्वार नव्हे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे चाळीस हजार बाळे हृदयदोष घेऊन जन्मतात, त्यांतील अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, आणि ज्यांना लागते त्यांच्यावर थोड्याच विशेष केंद्रांत उपचार होतात. असे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, फ्रेशरच्या हाती कोणी देत नाही. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नईतील कंपन्यांत नव्या माणसाला बाह्यरुग्ण तपासण्या, रेडिऑलॉजी, आपत्कालीन विभाग असे चार्ट मिळतात. तेथे रोजचे टार्गेट गाठून पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अचूकता राखली, तर काही वर्षांनी शस्त्रक्रियांचे काम समोर येते. नेहमीची वाट म्हणजे एएपीसी या अमेरिकेतील कोडरांच्या संस्थेची सीपीसी परीक्षा : शंभर प्रश्न, चार तास, संहिता जवळ ठेवण्याची परवानगी. प्राणिशास्त्राची पदवी मुलीला तेथे उपयोगी पडेल. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांसाठी याच संस्थेची वेगळी पात्रता-परीक्षाही आहे, पण ती अनुभवी कोडरने द्यायची. पहिली पायरी वगळून थेट वरची पायरी विकणाऱ्या संस्थेकडे, मागील तुकडीतील किती जणांना, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामासाठी घेतले, हे लेखी मागा. उत्तर टाळले गेले तर तेथून उठून या.

तुमच्या पत्राच्या वर न छापलेल्या भागात एक गोष्ट जाता जाता आली आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही आणि त्याची आई आयसीयूच्या दारात बसून होतात, तेव्हा विम्याच्या कॅशलेस मंजुरीचे कागद सोळा वर्षांच्या या मुलीने सांभाळले. विमा कंपनीने शंका काढल्यावर कोणता अहवाल जोडायचा हे तिने डेस्कवर विचारून घेतले, आणि शेजारच्या खाटांवरील मुलांच्या पालकांचे जनआरोग्य योजनेचे अर्जही तिनेच भरून दिले. तुम्ही हे ‘तेवढीच मदत झाली’ एवढ्यावर सोडून दिले आहे. घाबरलेल्या माणसांशी शांतपणे बोलणे, कागदातील अडचण ओळखणे आणि पैसे कुठून उभे राहतील याचा माग काढणे, हे तीनही गुण एकाच व्यक्तीत सहसा सापडत नाहीत. असे काम करणारी माणसे रुग्णालयांत असतात. सरकारी सेवेत त्यांचे पद समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या नावाने ओळखले जाते, ट्रस्टच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेच्या तपासणीत हृदयदोष सापडलेले मूल खेड्यातून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते की मध्येच कुठेतरी गळते, हे बऱ्याचदा अशाच माणसांवर अवलंबून असते. यासाठी एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते आणि ती कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, अशी नावाजलेली ठिकाणे आहेत. सुरुवातीचा पगार फार नसतो, आणि कायमची पदे कमी निघतात, हेही तिला आधीच सांगा.

‘घरात कोणाला तरी हृदयाचे कळायला हवे’ असेही तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी मुलीचे करिअर खर्ची घालण्याची गरज नाही. टेट्रालॉजीची दुरुस्ती झालेल्या मुलाला आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञांकडे तपासणी लागते, कारण फुप्फुसाची झडप पुढे गळू शकते, आणि कड्यावरून पॅच लावला असेल तर ती शक्यता अधिक असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या संपूर्ण नोंदीची प्रत रुग्णालयाकडून मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर एवढा तपशील नेहमी नसतो. ती तुमच्या फाइलमध्ये लावा आणि प्रत्येक तपासणीला बरोबर न्या. हे काम आईवडिलांचे आहे.

तूर्त संस्थेला पैसे भरू नका. परीक्षा संपल्यावर मुलीला जवळच्या मोठ्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात परवानगी काढून दोन आठवडे बसू द्या, आणि कोडिंग करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीच्या शेजारीही एक दिवस बसू द्या. त्यानंतर तिने स्वतः कोडिंगच निवडले, तर सीपीसीची तयारी कशी करावी ते मी तिला सांगेन. त्या वेळचे पत्र मात्र तिने स्वतः लिहावे, आणि ते पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नये.